खारा हात

ताईच्या हाताला मीठ होतं. कौतुकानं म्हणतात तसं नव्हे, खरंखुरं मीठ, घामातलं. थोडंफार ते प्रत्येकाच्याच हाताला असतं आणि बहुतेक धातू ते निमूट सोसतात. मॅग्नेशियमला मात्र ते सोसवत नाही. वजनाला हलकं आणि स्वभावानं तापट असा हा धातू. त्याचा ओतीव भाग कच्चा असताना उघड्या हातानं धरलात, तर चार दिवसांनी त्यावर तुमची बोटं काळपट उमटतात. ताईनं धरला तर दुसऱ्याच दिवशी, आणि रेषांसकट.

दादाचा म्हणजे तिच्या थोरल्या भावाचा कारखाना नेमका मॅग्नेशियमचाच होता. ओतकामाच्या कारखान्यातून करड्या रंगाचे भाग पेट्या भरभरून यायचे. ते इथे धुवायचे, आम्लात बुडवून वरची कातडी काढायची, मग विजेच्या टाकीत सोडायचे. त्या टाकीत पाण्याखाली बारीक ठिणग्या नाचतात आणि भागावर एक टणक, पांढुरका थर चढतो. त्या थराला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. त्यांत रंग मुरवायचा आणि शेवटी गरम टाकीत छिद्रं मिटवून टाकायची. थर धातूला जपतो, रंग डोळ्यांना सुखावतो आणि गिऱ्हाईक दोन्हींवर खूश होतं. निदान व्हायला हवं.

या सगळ्यात ताईचं काम होतं फोन उचलण्याचं.

वीस वर्षांपूर्वी, बाबा कारखाना चालवत असताना, ती कॉलेजच्या सुट्टीत मदतीला आली होती. कॅमेऱ्याची शे-दीडशे झाकणं एका परातीतून दुसऱ्या परातीत ठेवायची होती. तिनं हौसेनं ठेवली, आणि हातमोजे कुणी दिले नाहीत म्हणून उघड्या हातांनी ठेवली. सोमवारी पेटी उघडली तर प्रत्येक झाकणावर ताईचा पंजा. बाबांनी डोक्याला हात लावला. नंतर रीतसर प्रयत्नही झाले. सुती हातमोजे तासाभरात ओले व्हायचे आणि रबरी हातमोज्यांच्या कडेतून थेंब गळायचे. शेवटी बाबांनी तिला काचेपलीकडच्या ऑफिसात बसवलं. बाबा गेले, दादा त्यांच्या खुर्चीत आला, ताईचं लग्न झालं, संसार मार्गी लागला, पण काच तिथेच राहिली. ताई रोज दहा वाजता यायची, फोन घ्यायची, पत्रं लिहायची आणि काचेतून त्या ठिणग्यांकडे बघत बसायची.

तिला काचेपलीकडे जायचं होतं. तपासणीच्या टेबलावर बसायचं होतं. तिथे बसणारे काका तीन-चार महिन्यांत कायमचे घरी जाणार होते. टाकीतून निघालेला प्रत्येक भाग भिंगाखाली फिरवून बरा की वाईट ते ठरवायचं, हे त्यांचं काम. वीस वर्षं लांबून बघून ताईला ते जवळपास पाठ झालं होतं. रंगात ढग कुठे धरतो, गरम टाकीतून भाग लवकर काढला तर तो कसा पावडर लावल्यासारखा दिसतो, सगळं तिला कळत होतं. तिनं दादाला एकदा विचारलंही.

"चिमे," दादा म्हणाला. तो तिला अजून चिमीच म्हणायचा, चाळिशीतही. "तू आणि तपासणी? अगं, तपासायला भाग हातात घ्यावा लागतो."

विषय तिथेच मिटला. दादानं बाहेरचा एक तपासनीस बघायला सुरुवात केली.

त्याच सुमारास कुबड्यांच्या मुठींचं काम आलं. लहान मुलांसाठी हलक्या कुबड्या बनवणारे एक गृहस्थ होते. त्यांना मुठी मॅग्नेशियमच्या हव्या होत्या, त्याही पाच रंगांत. लाल, निळा, हिरवा, पिवळा, जांभळा. काम मोठं होतं, वर्षानुवर्षं चालणारं. दादानं डोळ्यांत तेल घालून नमुने करवून घेतले. तीन गिऱ्हाइकाकडे पाठवले, चार प्रयोगशाळेत. तिथे मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्याखाली चार-चार दिवस ठेवून बघतात. दोन-तीन जादा उरले, ते काकांच्या खणात पडून होते.

काकांनी त्यातली एक निळी मूठ एके दुपारी गुपचूप ताईच्या टेबलावर आणून ठेवली.

"ही जादाची आहे," ते म्हणाले. "हरवली तरी कुणी विचारणार नाही."

"मी काय करू हिचं?"

"धर की. मूठ आहे, धरायलाच केलीय. वीस वर्षं बघतेयस काचेतून, माझा जीव तुटतो."

ताईनं मूठ उचलली. इतकी हलकी की हातात काही घेतलंय असं वाटेना. बोटांसाठी चार खळगे होते, ते तिच्या बोटांना अगदी मापानं बसले. तिला आधी नुसता आनंद झाला. मग विचार आला, माझा हात हिला खातो का बघू या. आणि तिनं मूठ पर्समध्ये टाकली.

त्या दिवसापासून मूठ तिच्या हातात आणि ती मुठीच्या नादात. फोनवर बोलताना डाव्या हातात मूठ. बसमध्ये उभी असताना मूठ. संध्याकाळी टीव्हीसमोर मूठ. धुवायची नाही, पुसायची नाही, कारण मुलं कुठे पुसतात? कॅलेंडरवर ती रोज एक बारीक टिंब द्यायची.

नवऱ्यानं आठवडाभर पाहिलं आणि म्हणाला, "लग्नाला सतरा वर्षं झाली. माझा हात इतका वेळ कधी धरला नाहीस."

"तुझ्यावर थर चढवलेला नाही. खराब होशील."

"झालोच आहे," तो म्हणाला आणि वर्तमानपत्रात डोकं घातलं.

तीस दिवस झाले, पस्तीस झाले. मूठ तशीच निळीभोर. ताईला तिचा अभिमान वाटू लागला, जणू तिनंच टाकीत बुडवून काढली होती. अडतिसाव्या दिवशी, खिडकीशी उभं राहून मूठ फिरवताना, तिला शेवटच्या खळग्याच्या कडेला काहीतरी पांढरं दिसलं. रव्याच्या कणाएवढं. तिनं नखानं खरवडलं. कण निघाला आणि खाली तितकाच बारीक खड्डा दिसला.



तो कण म्हणजे काय, ते तिला कुणी सांगायला नको होतं. थर तिथे फाटला होता आणि आत मीठ शिरलं होतं. आता दादाला सांगायचं तर आधी हे कबूल करायचं, की जिनं कशाला हात लावायचा नाही तीच महिनाभर मूठ धरून बसली आहे. शिवाय दादा म्हणणारच, तुझाच हात तसला, त्याला मूठ काय करणार? आणि न सांगावं तर काही हजार मुठी बाहेर पडणार. तीन दिवस तिनं कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. झोप मात्र नीट लागेना.

चौथ्या दिवशी ते गृहस्थ स्वतः आले.

पन्नाशीचे, खांदे रुंद, दोन्ही काखांत कुबड्या. दारातून आत येऊन खुर्चीवर बसेपर्यंत त्यांनी कुणाला मदतीला वावच दिला नाही. दादानं ओळख करून दिली, "ही माझी धाकटी बहीण. फोन सांभाळते." काका नमुन्यांची पेटी घेऊन आले आणि भिंतीशी उभे राहिले. प्रयोगशाळेचा कागद दादानं हलकेच पुढे सरकवला.

"चारही पास," तो म्हणाला. "एकावरही डाग नाही."

गृहस्थांनी कागद वाचला, घडी घातली आणि खिशातून एक मूठ काढून टेबलावर ठेवली. कधीकाळी ती लाल असावी. आता तिला पांढरे फोड आले होते आणि जिथे बोटं बसतात तिथे धातू वाळवी लागल्यासारखा खाल्लेला होता.

"हीसुद्धा पास होती," ते म्हणाले. "तुमच्या आधी एकांकडून करून घेतली होती."

"मग हे असं कशानं झालं?" दादानं विचारलं.

"मी धरली." त्यांनी तळवा वर केला. "माझ्या हाताला मीठ जरा जास्त आहे."

ताईला हसू आलं. दाबायला गेली तर ते जास्तच आलं. दादानं तिच्याकडे डोळे वटारले.

"हसू द्या हो," गृहस्थ म्हणाले. "माझी आईही हसायची. म्हणायची, घड्याळं खातोस, चष्मे खातोस, जेवणच तेवढं खात नाहीस." मग ते जरा गंभीर झाले. "बघा, मी शाळेत गेलो तो लाकडी, काळ्या कुबड्या घेऊन. शिक्षा झाल्यासारखं वाटायचं. म्हणून मुलांना रंग द्यायचाय. पण मुलं घामेजलेल्या हातांनी दिवसभर धरणार, धावणार, चिखलात टाकणार. फवाऱ्याचं पाणी वेगळं आणि माणसाचा हात वेगळा. मला एकच विचारायचंय. तुमच्यापैकी कुणी ही मूठ रोज हातात धरून बघितली आहे का?"

काकांनी छताकडे बघायला सुरुवात केली.

ताईचं लक्ष आपल्या पर्सकडे गेलं. गप्प राहिली असती तर दादानं काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती, काम मिळालं असतं, आणि तिचा फोन होता तिथेच राहिला असता. पण समोर ती लाल, खाल्लेली मूठ पडली होती, आणि ती धरणारा हात ताईला परका वाटत नव्हता.

"मी धरलीय," ती म्हणाली. "एक्केचाळीस दिवस."



तिनं निळी मूठ काढून गृहस्थांसमोर ठेवली. "माझ्याही हाताला मीठ आहे. तुमच्याइतकंच असेल, किंवा थोडं जास्तच. सगळी मूठ चांगली आहे. पण इथे, या कडेला, थर गेलाय. तीन दिवसांपूर्वी दिसलं. सांगायला हवं होतं, सांगितलं नाही."

काका पुढे झाले, भिंग लावून त्यांनी मूठ फिरवली आणि पुटपुटले, "धार."

"कसली धार?" गृहस्थांनी विचारलं.

काकांनी ताईकडे पाहिलं. भिंग तिच्यापुढे धरलं, तेव्हा तीच बोलू लागली.

"साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे ओतीव मालाला एक बारीक कड राहते. इथे ती खळग्याच्या टोकाला आली आहे. आमचा थर सपाटीवर छान चढतो, गोलाईवर छान चढतो. पण तीक्ष्ण कडेवर तो दोन्ही बाजूंनी वाढतो आणि मधे फट राहते. टाकीचा दोष नाही, रंगाचा नाही. टाकीत सोडण्याआधी ती कड मोडून गोल करायला हवी होती."

"आणि फवाऱ्यात हे का दिसलं नाही?"

"फवारा चार दिवसांचा. माझा हात अडतीस दिवसांचा."

गृहस्थांनी ती निळी मूठ घेतली, आपल्या हातात दाबून धरली, पुन्हा उघडली. मग मोठ्यानं हसले. "मागच्यांची मूठ माझ्या हातात तीन आठवडेसुद्धा टिकली नाही, आणि टिकली नाही ती सगळीकडे. तुमची एका रव्याच्या कणाएवढ्या जागी हरली." ते दादाकडे वळले. "काम तुमचंच. कडा गोल करा, पाचही रंगांच्या नव्या मुठी करा. पण माल पाठवायचा कधी, ते तुम्ही सांगायचं नाही. या बाई चाळीस दिवस धरतील आणि या सांगतील."

दादानं मान हलवली.

गृहस्थ गेल्यावर काका लगबगीनं टाक्यांकडे निघून गेले. भावंडं समोरासमोर उरली.

"मला आधी का नाही सांगितलंस?" दादानं विचारलं.

"सांगितलं असतं तर काय म्हणाला असतास?"

"नको म्हणालो असतो."

"म्हणून नाही सांगितलं."

दादानं टेबलावरचा कागद उगाच सरळ केला. मग खाली बघतच म्हणाला, "ती कॅमेऱ्याची झाकणं. त्या दिवशी तुला कामाला मीच लावलं होतं. हातमोजे द्यायला विसरलो. बाबा तुला बोलले, तेव्हा मी गप्प बसलो."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"अरे, मी तिथेच होते ना!"

दादाला हसावं की रडावं कळेना. त्यानं दोन्ही थोडंथोडं केलं. "तू पुन्हा तिकडे गेलीस आणि पुन्हा काही झालं, तर पुन्हा बोलणी तुलाच बसतील, असं वाटायचं," तो म्हणाला. "खोटं बोलत नाही, चिमे. आणि तू समोर टाकीशी दिसलीस की मलाच ते आठवायचं. काचेआड बरी वाटायचीस."

ताईच्या मनात वीस वर्षांचं पुष्कळ काही बोलायचं साचलं होतं. पण भाऊ समोर नाक पुसत उभा असताना त्यातलं एकही वाक्य तिला सापडेना, आणि तिला ते बरंच वाटलं. तिनं एवढंच म्हटलं, "कच्च्या मालाला मी हात लावणार नाही. तो चिमट्यानं उचलेन, नाहीतर दुसऱ्या कुणाला धरायला सांगेन. थर चढल्यावर मात्र प्रत्येक नमुना माझ्या हातातून जाईल. मोजे न घालता."

बाहेरच्या तपासनिसाला दादानं त्याच दुपारी नको म्हणून कळवलं.

मग कडा मोडायचं काम सुरू झालं. मुठी बारीक दगडांबरोबर पिंपात फिरवल्या, उरलेल्या कडा हातानं घासल्या. घासताना उडणारी मॅग्नेशियमची भुकटी भलतीच पेट घेणारी, म्हणून शेजारी वाळूच्या बादल्या मांडल्या. आगीवर पाणी टाकायचं नाही, पाण्यानं ती अधिकच भडकते, हे दादानं सगळ्यांना इतक्या वेळा बजावलं की माणसं पाणी प्यायलाही बिचकू लागली. पाच रंगांच्या मुठी तयार झाल्या. काकांनी जाण्याआधी ताईला आपल्या टेबलावर बसवलं, खिडकीचा उजेड कोणत्या वेळी खोटं बोलतो ते सांगितलं, आणि निरोपाचं भाषण न करता घरी गेले.

आता ताई सकाळी लाल आणि निळी, दुपारी हिरवी आणि पिवळी, घरी जांभळी धरू लागली. नवऱ्यानं तक्रार केली नाही. उलट एका संध्याकाळी हिरवी आपल्याकडे घेऊन बसला. "माझा हात अळणी आहे," तो म्हणाला, "पण तेवढीच सोबत."

बाराव्या दिवशी तिच्या तळव्यावर फिकट जांभळी छटा दिसली. थर शाबूत होता, पण रंग सुटत होता. गरम टाकीत जांभळीला जास्त वेळ द्यायला हवा होता. तिनं दादाला बोलावून तळवा दाखवला. दादानं तो उजेडात धरून नीट पाहिला आणि थेट टाकीवाल्याकडे गेला. जांभळीची नवी मूठ आली आणि तिचे चाळीस दिवस पहिल्यापासून सुरू झाले.

पुढच्या महिन्यात एके सकाळी फोन वाजला. ताई तपासणीच्या टेबलावर होती, उजव्या हातात भिंग, डाव्या हातात जांभळी मूठ. फोन दादानं उचलला. आजकाल तोच उचलायचा आणि पहिले काही दिवस तर कारखान्याचं नाव सांगायलाही विसरायचा. काचेचं दार उघडंच होतं.

"नमस्कार, नमस्कार. हो. लाल, निळी, हिरवी, पिवळी, चारही झाल्या, एक डाग नाही. पेट्या भरायला घेतल्यात." तो थांबला. "जांभळी? थांबा हं." त्यानं रिसीव्हरवर हात ठेवला आणि दारातून डोकं बाहेर काढलं. "जांभळीचं काय सांगू?"

"अठरा दिवस."

"ते म्हणतात, एका मुलीला जांभळीच हवी आहे. रोज विचारते. बावीस दिवस तर झालेत आपले. थोडं कमी नाही का होणार?"

ताईनं मूठ उजेडात फिरवली. सुंदर रंग होता, खोल आणि स्वच्छ. त्या मुलीचा हात कसा असेल कोण जाणे.

"रोज विचारते, म्हणजे रोज धरणार," ती म्हणाली. "अठरा."

दादा आत गेला. तो काय बोलला ते कारखान्यातल्या सगळ्यांनी ऐकलं, कारण फोनवर हळू बोलणं त्याला कधी जमलंच नव्हतं.

"अठरा दिवस लागतील. नाही हो, माझं काही चालत नाही. मालक मी आहे, पण तपासणी ताईंची आहे. त्यांनी हो म्हटल्याशिवाय इथून एक मूठ बाहेर जात नाही."

ताईनं ऐकलं, न ऐकल्यासारखं केलं, आणि पुढचा भाग भिंगाखाली ओढला. कडा, रेषा, रंग, सगळं जरा पुसट दिसत होतं. तिनं डोळे पुसले. ते तिनं मनगटानं पुसले, कारण एका हातात भिंग होतं आणि दुसऱ्या हातातली मूठ तिला सोडायची नव्हती.